भरलेल्या आणि पोचट

आमच्या सोलापुरात ‘पोचट’ हा शब्द शेंगांचा आणि ज्वारीचा. आजी शेंगा फोडायला बसली की टरफल दोन बोटांत दाबून, नुसत्या आवाजावरून, ही भरलेली आणि ही पोचट असे सांगायची आणि पोचट शेंग न फोडताच बाजूला टाकायची. हाच शब्द समुद्राकाठी मी पहिल्यांदा ऐकला तो रत्नागिरीजवळ, काळबादेवीच्या खाडीवरच्या माझ्या सासुरवाडीत, लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात, गौरी-गणपतींचे विसर्जन उरकल्यावर. सासूबाई ताटात तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या, वाढत होत्या आणि वाढता वाढता त्यांचा चेहरा उतरला होता. “जावईबापू, पहिल्यांदा जेवायला बसलात आणि नेमक्या पोचट तिसऱ्या वाढायची पाळी आली. वैशाखात या, म्हणजे तिसरी काय असते ते कळेल.”

मला त्या दिवशीच्या तिसऱ्याही उत्तमच लागल्या होत्या. शिंपल्याच्या एका भागाला चिकटलेले मांस तसेच ठेवून, ओले खोबरे, कांदा, आमसूल घालून केलेली एकशिपी मी आयुष्यात प्रथमच खात होतो, त्यामुळे तुलना करायला माझ्याजवळ काहीच नव्हते. पण सासूबाईंनी एक शिंपली उचलून माझ्यापुढे धरली. आतले मांस शिंपलीच्या निम्म्या जागेलाही पुरत नव्हते. त्याच्या कडा आखडलेल्या होत्या, रंग राखाडी होता आणि मधला भाग इतका पातळ होता की खालच्या शिंपलीची पांढरी चकाकी त्यातून दिसत होती. “नुसतं पाणी आहे,” त्या म्हणाल्या. मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. अन्नपदार्थातले पाणी, प्रथिने, स्निग्धांश, राख हे विद्यार्थ्यांकडून मोजून घेणे हा माझा रोजचा उद्योग होता, आणि तरीही ‘नुसतं पाणी आहे’ हे वाक्य एक अनुमान आहे, ते तपासता येईल, हे माझ्या लक्षात यायला पुढचा वैशाख उजाडावा लागला.

त्या वैशाखात अमावास्येच्या सुमारास आम्ही पुन्हा गेलो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट असा तो रस्ता. आमच्या बाजूला रस्त्याकडेची शेते नांगरून तापत पडलेली असतात आणि घाट उतरला की हवा अंगाला चिकटू लागते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते तशी ओहोटीही खोल जाते. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी तितके हटत नाही. म्हणून तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायका तिथीचा हिशोब ठेवतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर खाडीचे खाजण उघडे पडले आणि सासूबाई शेजारच्या दोघी-तिघींबरोबर चिखलात उतरल्या. मी काठावरून पाहत होतो. मला तो सगळा चिखल एकसारखा दिसत होता, पण त्यांना त्यात जवळजवळ असलेली दोन बारीक भोके दिसत होती. तिसरी चिखलात बुडून राहते आणि दोन नळ्या वर काढते. एका नळीने पाणी आत घेते, त्यातले सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण गाळून खाते आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडते. पाणी ओसरले की नळ्या आत ओढल्या जातात आणि मागे राहतात ती ही भोके. सासूबाई बोटे रुतवून शिंपली वर काढत, तळव्यावर किंचित उडवून तिचे वजन घेत आणि मग टोपलीत टाकत. कधी दोन शिंपल्या एकमेकींवर आपटत. भरलेल्यांचा आवाज बद्द यायचा आणि पोकळ आवाज आला की ती परत चिखलात जायची. माझ्या आजीची शेंगांची परीक्षा हीच होती.

घरी आल्यावर त्यांनी विळीवर एक तिसरी उघडली आणि काही न बोलता माझ्यापुढे केली. मांस शिंपलीच्या कडेपर्यंत भरलेले, सायीच्या रंगाचे, बोटाने दाबले तर घट्ट लागणारे. भाद्रपदातली आणि ही एकाच खाडीतली, एकाच जातीची आहे हे सांगितले नसते तर मला खरे वाटले नसते.

बर्फाच्या डब्यात घालून थोड्या तिसऱ्या मी सोलापूरला आणल्या. पहिले काम होते पाणी मोजण्याचे. मांस तोलायचे, १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचे आणि पुन्हा तोलायचे. याहून सोपी चाचणी अन्नरसायनात नाही. शिंपल्यांच्या ताज्या मांसात साधारण ७५ ते ८५ टक्के पाणी असते आणि या दहा टक्क्यांच्या फरकाकडे पाहून पुष्कळ जण तो किरकोळ मानतात. पण हिशोब पाण्याच्या बाजूने न करता उरलेल्या भागाच्या बाजूने करून पाहावा. समजा, पाणी ७८ टक्के असेल तर १०० ग्रॅम मांसात २२ ग्रॅम कोरडा भाग उरतो आणि पाणी ८५ टक्के झाले तर १५ ग्रॅमच उरतो. म्हणजे पोषणाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग गेला. त्यातून पोचट शिंपलीत मुळात मांसच कमी निघते, त्यामुळे एका वाट्याचे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पदरात पडणारी तूट याहूनही मोठी असते. ‘नुसतं पाणी आहे’ या वाक्यात अतिशयोक्ती होती ती थोडीच.

मग गेले काय? इथे हा विषय मला खरा गोड वाटू लागला. प्राण्यांच्या शरीरात साखरेचा साठा ज्या रूपात असतो ते ग्लायकोजेन. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १८५७ मध्ये यकृतातून वेगळे काढले. रचनेने ते पिष्टाचे जवळचे नातेवाईक आहे. दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्या, फक्त ग्लायकोजेनला फांद्या जास्त दाट फुटलेल्या. माशांच्या आणि मटणाच्या मांसात ते नावालाच असते, पण शिंपले आणि कालवे यांच्यात भरपूर साठते, इतके की प्रयोगशाळांना विकत मिळणारे ग्लायकोजेन पुष्कळदा कालवांपासूनच काढलेले असते. आयोडीनचा थेंब टाकला तर ज्वारीच्या पिठाचे पाणी निळे-काळे होते आणि ग्लायकोजेनचे पाणी तांबूस-तपकिरी. मी परीक्षानळ्यांच्या मांडणीत एका नळीत मालदांडी ज्वारीच्या पिठाची निवळ घेतली, दुसरीत वैशाखातल्या तिसऱ्यांचा गरम पाण्यात काढून गाळलेला अर्क घेतला आणि शेवटच्या नळीत नुसते पाणी. पहिली नळी काळी पडली, नुसत्या पाण्याची फिकट पिवळी राहिली आणि मधली हळूहळू महोगनीच्या लाकडासारखी लालसर होत गेली. पुढच्या भाद्रपदात आणलेल्या तिसऱ्यांच्या अर्काला आला तो रंग पाण्याच्या नळीपासून ओळखायला विद्यार्थ्यांना नळी पांढऱ्या कागदासमोर धरावी लागली.

हा साठा शिंपली कशासाठी करते, हे समजले की ऋतूंचा सगळा हिशोब उलगडतो. खाडीत अन्न भरपूर असते तेव्हा ती गाळून घेतलेल्या शेवाळापासून ग्लायकोजेन साठवते. प्रजननाचा काळ जवळ आला की त्या साठ्यातून अंडी आणि शुक्रपेशी तयार होऊ लागतात. अंड्यांना स्निग्ध पदार्थ लागतात आणि ते बनवायला ग्लायकोजेन मोडले जाते. म्हणून भरात आलेल्या मादीत स्निग्धांश वाढतो तेव्हा साखरेचा साठा उतरणीला लागलेला असतो. शेवटी अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर प्रथिने आणि स्निग्धांशही शरीराबाहेर जातात. रिकाम्या झालेल्या जागेत पाणी भरते. ताटात मला दिसलेले ते आरपार मांस म्हणजे बाळंतपणानंतरचे ओढलेले शरीर होते आणि त्यावर पावसाळ्याचा मारही बसलेला होता.

पावसाळा हा या प्राण्यांवरचा दुसरा मोठा घाव. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. मे महिन्यात खाडीचे पाणी समुद्राइतके, म्हणजे किलोला ३५ ग्रॅमच्या जवळपास, खारट असते. जुलैच्या पुरात तेच पाणी जवळजवळ गोडे होऊन जाते आणि गाळाने लाल दिसू लागते. शिंपलीला जागा सोडून जाता येत नाही. ती दोन्ही झडपा मिटून बसते. मिटून बसली की श्वास नाही आणि खाणेही नाही, तेव्हा प्राणवायूवाचून चालणाऱ्या क्रियेने ती ग्लायकोजेन जाळत दिवस काढते. या क्रियेत साखरेच्या एकेका कणातून ऊर्जा फार थोडी निघते, म्हणून साठा भराभर संपतो. पूर लांबला आणि साठा पुरला नाही तर झडपा उघडतात त्या कायमच्याच.

याच खारेपणाशी चवीचाही संबंध आहे, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. खारट पाण्यात राहणाऱ्या शिंपलीच्या पेशींतले पाणी बाहेर खेचले जाऊ नये म्हणून ती पेशींत ग्लायसीन, अ‍ॅलानिन, टॉरीन यांसारखी सुटी अमिनो आम्ले साठवून बाहेरच्या मिठाशी तोल राखते. यातली ग्लायसीन आणि अ‍ॅलानिन जिभेला गोड लागतात. पाणी गोडे झाले की त्यांची गरज उरत नाही आणि शिंपली ती सोडून देते. म्हणजे खाडी खारट असते तेव्हा तिसरी गोड असते आणि खाडी गोडी होते तेव्हा तिसरी बेचव होते. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणून तर वैशाखातल्या तिसऱ्यांना मीठ बेतानं घालायचं.”

अर्थात प्रत्येक खाडीचे आणि प्रत्येक जातीचे पंचांग वेगळे. केरळातल्या कोल्लमजवळच्या अष्टमुडी तलावातल्या शिंपल्यांचा प्रजननकाळ ध्यानात घेऊन तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी त्या काढणे थांबवले जाते. २०१४ मध्ये त्या मासेमारीला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि भारतात असे प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिलीच मासेमारी ठरली. तेव्हा काळबादेवीचा वैशाख कोल्लमला लागू पडेलच असे नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचे हे पंचांग मांडण्याचे काम १९७०च्या दशकात झाले आणि ते करणारे आर. नागभूषणम आणि यू. एच. माने हे तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले होते, हे कळल्यावर मला फार बरे वाटले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, दुष्काळी भागातल्या विद्यापीठातून रत्नागिरीला यायचे, महिन्यामागून महिना त्याच जागेवरचे शिंपले गोळा करायचे आणि त्यांतले पाणी, प्रथिने, स्निग्धांश, ग्लायकोजेन मोजत राहायचे. त्यांनी ज्यांवर काम केले त्यांत काळबादेवीच्या खाडीतली कॅटेलिसिया ओपिमा ही जातही होती. सोलापुरात बसून तिसऱ्यांचा विचार करणारा मी एकटाच नाही, हा दिलासा मला आजही पुरतो.

आता आकड्यांविषयी थोडे, कारण इथे चूक सहज होते आणि ती मीही विद्यार्थ्यांच्या वहीत अनेकदा दुरुस्त केली आहे. कोरड्या वजनावर मोजले तर पोचट शिंपल्यांत प्रथिनांचा टक्का कधी कधी भरलेल्या शिंपल्यांपेक्षा जास्त निघतो. हे पाहून एका मुलीने वहीत लिहिले होते की पावसाळ्यातल्या शिंपल्या अधिक पौष्टिक असतात. प्रथिने वाढलेली नसतात. साखरेचा साठा संपल्यामुळे उरलेल्यात त्यांचा वाटा मोठा दिसतो. घरातले धान्य संपले म्हणून डब्यातले मीठ वाढले असे कोणी म्हणत नाही. लोहाचे तर आणखी अवघड. शिंपलीच्या पोटातला चिखल नीट निघालेला नसेल तर त्या चिखलातले लोहही मोजणीत येते आणि आकडा फुगतो. खाण्यापूर्वी तिसऱ्या काही तास स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून वाळू सोडू देण्याची रीत प्रयोगशाळेनेही तितक्याच काटेकोरपणे पाळायला हवी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे घटक मोजून तक्ते प्रसिद्ध केले. ते काम मी दरवर्षी वर्गात आदराने उघडतो, कारण देशभरातून नमुने आणून इतक्या पदार्थांचे पृथक्करण करणे ही साधी गोष्ट नव्हे. पण कोणत्याही तक्त्यात एका पदार्थासमोर एकच आकडा छापावा लागतो आणि वाचणारा तो आकडा बारमाही मानून चालतो. आहाराचा सल्ला देणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला सोलापुरातल्या एका शेजारणीने विचारले होते की अंगात बी-१२ कमी आहे, तर शिंपले खाल्ले तर चालतील का. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही आणि शिंपल्यांत ते भरपूर असते, तेव्हा ‘चालतील’ हे उत्तर बरोबरच होते. मात्र माझे म्हणणे असे की त्या उत्तरात महिना यायला हवा होता, आणि खाडीही. शिंपली पाणी गाळून जगते, त्यामुळे सांडपाण्यातले जंतू आणि कारखान्यांतले जड धातू तिच्यात साठतात. काही विषारी शेवाळांचे विष तर शिजवूनही जात नाही. पोषण मोजताना ती कुठल्या पाण्यात वाढली, हे विचारलेच पाहिजे. तेव्हापासून माझ्या प्रयोगवहीत नमुन्याच्या नावापुढे महिना, तिथी आणि ठिकाण लिहिल्याशिवाय पुढचा रकाना भरायचा नाही, असा नियम आहे. तो तांदळालाही आहे आणि दुधालाही.

सोलापूरला शिंपल्या येतात तेव्हा त्यांच्यात आणखी एक बदल झालेला असतो. पाण्याबाहेर काढलेली शिंपली मिटलेली आणि जिवंत असते, रात्रभराच्या प्रवासात श्वास कोंडून राहते आणि बर्फाच्या गारव्यात मंदपणे आपलेच ग्लायकोजेन खर्च करते. इथे पोहोचेपर्यंत तिने आपली शिदोरी थोडीफार खाल्लेलीच असते. माझ्या परीक्षानळीतला रंग म्हणून काळबादेवीच्या चिखलातला नव्हताच. त्यातून प्रवासाचे भाडे वजा झालेले होते. उघडलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी शिंपली मात्र मेलेली, ती टाकूनच द्यायची. घरी आम्ही तिसऱ्यांचे सुके भाताऐवजी ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खातो आणि मला तर ती जोडी भातापेक्षा सरस वाटते.

उलट दिशेनेही हाच अनुभव आला. मी एका पौषात सासुरवाडीला हुरडा पाठवला होता. ज्वारीचे दाणे चिकात असतात तेव्हा त्यांत साखर अधिक असते आणि दाणा पक्व होत जाईल तशी ती साखर पिष्टात बांधली जाते. हुरड्याची गोडी म्हणून दोन-तीन आठवड्यांचीच. कणसे तोडल्यावरही दाण्यातली गोडी टिकत नाही. पार्सल पोहोचल्यावर सासूबाईंचा फोन आला. हुरडा चांगला आहे म्हणाल्या, पण त्यांचा आवाज मी ओळखला. मी म्हणालो, “आई, पोचट पोहोचला. पुढच्या पौषात तुम्हीच या.”

त्या आल्या. मंगळवेढ्याकडच्या माझ्या चुलतभावाच्या रानात आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या, शेंगांची चटणी आणि दही वाटीत काढलेले होते. सासूबाई ज्वारीच्या ताटांत शिरल्या आणि कणसे हाताने चाचपू लागल्या. त्यांना कोणी काही शिकवले नव्हते. त्यांनी एक दाणा अंगठ्याच्या नखाने दाबला, पांढरा चीक नखावर आला, तो जिभेला लावला आणि ते कणीस ओच्यात घातले. शेजारच्या कणसाचा दाणा दाबला तर तो नखाला दाद देईना. ते कणीस तसेच ताटावर सोडून त्या पुढे सरकल्या आणि मला म्हणाल्या, “हे राहू दे भाकरीला.”